डिसेंबरात पश्चिम आयर्लंड, आईला घेऊन: काय बघावं आणि कुठे पैसे घालवू नयेत

परत येऊन तीन आठवडे झाले आणि गोव्यात आमच्या डिचोलीत भेटेल तो विचारतोय कशी झाली ट्रिप, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकते म्हणजे ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल. माझी धाकटी बहीण गॉलवेत नर्स आहे, चार वर्षं बोलावत होती, शेवटी यंदा आम्ही चौघं गेलो, मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत, त्यामुळे माझा रिव्ह्यू वयस्कर माणूस सोबत असलेल्यांना जास्त कामाचा आहे. पूर्ण ट्रिपला ५ पैकी ४ स्टार. एक स्टार गेला तो एका डे-टूरमुळे, त्याचं खाली सांगते.

आधी दोन गोष्टी. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिशावर चालणाऱ्या देशांत, येत नाही, शेंगेन व्हिसा आहे म्हणून निघाल असं होत नाही, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि डिसेंबरात तिथे दिवस केवढासा असतो ते आपल्याला इथे बसून कळत नाही. नऊ वाजायला आले की कुठे उजाडतं आणि साडेचारला तर दिवे लागणी झालेली. म्हणजे बघायला हातात जेमतेम साडेसात तास, त्यात पाऊस, त्यात वारा. एका दिवसात तीन ठिकाणं वगैरे प्लॅन करूच नका, एकच जागा धरा आणि तिथे निवांत बसा. हे आम्हाला पैसे घालवून कळलं.

गॉलवे शहर छान आहे, चालत फिरता येतं. आयर स्क्वेअरमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमस मार्केट लागतं, लाकडी स्टॉल, मोठं चक्र, घोड्यांचा पाळणा, मुलाला आवडलं. पण खरं सांगायचं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जी मजा आहे ती इथे नाही, वस्तू महाग आणि बऱ्याचशा कुठेही मिळतील अशा, संध्याकाळी दिवे बघायला तासभर जा, खरेदीला नको. त्यापेक्षा तिथून दहा-बारा मिनिटं चालत खाली नदीकडे गेलात की स्पॅनिश आर्च लागते. १५८४ ची, शहराच्या तटबंदीचा भाग, दिसायला साधी दगडी कमान. बहिणीने सांगितलं की १७५५ साली लिस्बनला जो मोठा भूकंप झाला त्याच्या लाटा इथपर्यंत आल्या आणि ह्या कमानींचं नुकसान झालं. आम्ही गोंयकार, लिस्बन हे नाव लहानपणापासून घरात ऐकत आलेलो, आणि त्याच लिस्बनच्या धक्क्याची खूण इतक्या लांब एका पावसाळी गावात बघायला मिळाली तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. तिकीट वगैरे काही नाही.

आता ती डे-टूर. गॉलवेहून एका कंपनीची बस होती, मोहेरचे कडे आणि बरेन असा पूर्ण दिवस. वेबसाइटवर बरेनमधल्या पुलनाब्रोन डॉल्मेनचा, म्हणजे फार जुन्या दगडी थडग्याचा, स्टॉप स्पष्ट लिहिलेला, मी तर मुख्य त्याच्यासाठीच बुक केली होती. झालं काय, बस निघाली अर्धा तास उशिरा, मग जेवणाला एका पबपाशी सव्वा तास थांबवलं, जेवण स्वतःच्या पैशाने, आणि परतताना ड्रायव्हर म्हणाला अंधार पडतोय, डॉल्मेन होणार नाही. अंधार साडेचारला पडतो हे कंपनीला माहीत नव्हतं का? ईमेल केली, उत्तर आलं की वेळापत्रक बदलण्याचा हक्क आम्ही राखून ठेवलाय. एक पैसा परत नाही. मोहेरचे कडे स्वतः मात्र जबरदस्त आहेत, सगळ्यात उंच जागी २१४ मीटर सरळ खाली समुद्र, वर १८३५ सालचा ओब्रायन टॉवर. आम्ही गेलो तेव्हा पाऊण तास नुसतं धुकं आणि नंतर दहा मिनिटं असं काही उघडलं की आई म्हणाली, हे बघायला एवढं विमानात बसले ते फिटलं. तिकीट ऑनलाइन आधी काढा, स्वस्त पडतं. वारा जास्त असला की कड्यावरची पायवाट बंद करतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नका, तो वारा माणसाला खरंच ढकलतो. टूरला २ स्टार, कड्यांना ५.

पुलनाब्रोनला दोन दिवसांनी बहिणीने तिच्या गाडीतून नेलं आणि बरं झालं बसने गेलो नाही. बरेन म्हणजे आपला सडा हो, अगदी तस्साच उघडा कातळ, फक्त आपला जांभा तांबडा आणि त्यांची चुनखडी राखाडी. भेगांमधून इवली इवली हिरवी पानं. आणि मधोमध ते दगडांचं टेबल, उभ्या शिळांवर एक पातळ आडवी शिळा तोलून ठेवलेली, पाच हजार वर्षांहून जुनी. १९८० च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा खाली तिसाहून जास्त माणसांचे अवशेष मिळाले, त्यात लहान मुलंही. भोवती साधा दोर, माहितीचा फलक, गाड्या लावायला जागा, तिकीट नाही, प्लास्टिकचा एक तुकडा नाही. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला आपली कातळावरची चित्रं आहेत ती बघायला शाळेची पोरं किती वेळा नेतो आपण? मी शिक्षिका आहे, स्वतःला विचारलं आणि येत्या वर्षी न्यायचंच असं तिथेच ठरवलं.

बनरॅटीच्या किल्ल्याबद्दल आणि तिथल्या फोक पार्कबद्दल सविस्तर लिहिते कारण तिकीट काढून बघण्यासारखं काय असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. शॅनन विमानतळापासून अगदी जवळ. किल्ला साधारण १४२५ चा, मॅकनमारा घराण्याने बांधलेला, पुढे ओब्रायनांकडे गेला, नंतर पडीक झाला आणि १९५० च्या दशकात दुरुस्त करून आतलं सामानही त्या जुन्या काळातलंच शोधून आणून मांडलं. आतले जिने गोल, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे, गुडघेवाल्यांनी अजिबात चढू नका. मिस्टर आणि मुलगा वर गेले, मी आणि आई खाली फोक पार्कमध्ये राहिलो आणि आम्हा दोघींना जास्त मिळालं असं मी म्हणेन.

फोक पार्क म्हणजे जुनी घरं, गवती छपराची, तीसेक तरी इमारती, शाळा, दुकान, डॉक्टरचं घर असा अख्खा रस्ता. घरांत खरोखर विस्तव पेटवलेला असतो, टर्फचा, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती, तिचा धूर लाकडासारखा डोळ्यांना झोंबत नाही, काहीसा ओल्या मातीसारखा गोडसर वास येतो. एका शेतकऱ्याच्या घरात आई चुलीसमोरच्या बाकावर बसली ती उठेनाच. भिंतीत लोखंडी दांडा, तो दारासारखा फिरतो, त्याला साखळीने भांडं टांगलेलं, पुढे ओढलं की विस्तवावरून बाजूला येतं. खाली एक तीन पायांचं जाड लोखंडी भांडं, झाकणासकट. तिथली जुन्या वेषातली बाई सांगत होती की ह्यात पिठाचा गोळा ठेवायचा, झाकण लावायचं आणि झाकणावर निखारे रचायचे, वरून आणि खालून सारखी धग लागते. मी आईला सांगायच्या आधीच आई म्हणाली, "अगो, ही तवसळीच की!" आमच्या आजीने तवसळी तशीच केली आयुष्यभर, झाकणावर निखारे ठेवून, ओव्हन घरात आला तो आजी गेल्यावर. मग मी त्या बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत काकडी, गूळ, रवा सगळं समजावलं आणि तिने आईला तिच्या ब्रेडचा एक तुकडा दिला, वर लोणी. आई इंग्रजी बोलत नाही, ती बाई मराठी नाही, पण दोघी दहा मिनिटं हातवारे करून चुलीवर बोलत होत्या.

तिथलं एक घर शॅनन विमानतळाची धावपट्टी वाढवताना वाटेत येत होतं म्हणून ते उचलून इथे आणून पुन्हा उभारलं, आणि ह्या पार्कातलं पहिलं घर तेच. हे वाचून मला वाईट वाटलं, तिथलं नाही, इथलं. आमच्या वाटेवरची रस्ता रुंद करताना गेलेली, मधे चौक असलेली जुनी घरं डोळ्यासमोर आली, त्यातलं एकही कोणी उचलून कुठे मांडलेलं मी पाहिलं नाही, दरवाजे आणि खांब तेवढे विकले गेले.

ख्रिसमसला बनरॅटीत लहान मुलांसाठी सांताला भेटण्याचा वेगळा कार्यक्रम असतो, तो आधी बुक करावा लागतो. ठीक आहे, पाच-सहा वर्षांच्या पोरांना आवडेल, आमचा नऊ वर्षांचा कंटाळला. किल्ला आणि पार्क मिळून साडेचार स्टार, अर्धा कापला कारण चिखल खूप आणि बसायला आडोसा कमी.

२४ ला आम्ही डिंगलला निघालो, केरी काउंटीत, बहिणीने तिथे तीन रात्रींसाठी घर भाड्याने घेतलं होतं. वाटेत शॅनन नदी फेरीबोटीने ओलांडली, किलिमर ते टार्बर्ट, गाडीसकट, वीसेक मिनिटं. मुलगा म्हणे, मम्मा, ही तर चोडणची फेरी! फक्त तिकडे पाणी काळंशार आणि वारा असला की डेकवर उभं राहवत नाही. डिंगलला पोचलो तेव्हा अंधार झालेला आणि घराघराच्या खिडकीत एकेक दिवा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावायची त्यांची रीत आहे, मेरी आणि जोसेफला निवाऱ्याची जागा दिसावी म्हणून, आता बहुतेक ठिकाणी विजेची असते. आईने आमच्या भाड्याच्या घरातही लावली, तुळशीपुढे लावावी तशी.

डिंगल भाग आयरिश भाषेचा, पाट्या आयरिशमध्ये. गावाच्या नावावरून तिथे केवढा वाद झाला होता, सरकारने डिंगल काढून नुसतं आयरिश नाव ठेवलं तर गावकऱ्यांनी २००६ ला मतदान करून दोन्ही नावं हवीत म्हणून सांगितलं. पाटीवर नाव कसं लिहायचं ह्यावर आपल्याकडे काय काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे हे लगेच पोचलं.

आणि २६ तारीख. सेंट स्टीफनचा दिवस, तिथे म्हणतात रॅन. रेन नावाचा मुठीएवढा पक्षी, त्याच्या नावाचा हा सण, पूर्वी खरा पक्षी मारून काठीला बांधून फिरवायचे, आता पक्ष्याला हात लावत नाहीत. दुपारी बाराच्या सुमारास निघतात. गावातल्या आळ्यांचे वेगवेगळे गट, प्रत्येकाचे रंग ठरलेले, पुढे बासऱ्या आणि ढोल, मागे गवताचे झगे घातलेली माणसं, डोक्यावर गवताचाच उंच टोप, तोंड दिसत नाही. आणि मग मी पाहिलं ते पाहून खरंच किंचाळले, गटाच्या पुढे एक पांढरा लाकडी घोडा, आत माणूस. घोडेमोडणी! आमच्या डिचोली-सत्तरीत शिगम्याला कमरेला घोडा बांधून नाचतात त्याचा कोणी लांबचा भाऊबंद वाटावा असा.

ढोल पोटात घुमत होता, ताशाशिवायचा, ठेका वेगळा, पण लोकांचे पाय तसेच उचलले जात होते. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर उभे. गवतातला एक माणूस डबा हलवत आईपुढे येऊन थांबला, गवतामधून त्याच्या श्वासाची वाफ येत होती, झग्याच्या कडा रस्त्याच्या पाण्याने भिजून काळ्या झालेल्या. आई जाड जाकीट, खाली साडी, बूट. तिने दोन युरो डब्यात टाकले. तेवढ्यात तो घोडा आला, त्याने मान खाली केली, आणि आईने त्याच्या कपाळाला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला, मांडावर, म्हणजे गावच्या शिगम्याच्या ठरलेल्या जागेवर, करतो तसा. आतला माणूस थांबला. ढोल पुढे गेले तरी तो थांबला, मग घोड्याची मान पुन्हा दोनदा हलवली आणि पळत गटात गेला. बहीण माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, दोघींना बोलता येईना.

डब्यातले पैसे चांगल्या कामासाठी जातात. स्टेज नाही, तिकीट नाही, व्हीआयपी खुर्च्या नाहीत, गावची माणसं गावासाठी करतात आणि पाहुण्याला आत ओढतात. पणजीतली शिगम्याची मोठी मिरवणूक मीही बघते, पण गावच्या मांडावरचं नमन वेगळं, तसं हे. रात्री उशिरापर्यंत पबमधून ढोल चालू होते, लहान मूल असेल तर संध्याकाळी घरी या, गर्दी वाढते आणि पिणंही. पाच स्टार.

दुसऱ्या दिवशी गॅलरस ओरेटरी बघितली. उलट्या होडीसारखं दगडी प्रार्थनाघर, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड, प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता म्हणजे पाणी आत येत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आतली जमीन कोरडी. मिस्टरांना आपलं तांबडी सुर्लाचं जुनं देऊळ आठवलं, तिथेही चुन्याशिवाय दगड बसवलेत आणि आत पाऊल टाकलं की असाच गारवा. माहिती केंद्र बंद होतं पण ओरेटरीपर्यंत जायला अडचण नाही आली.

जाणाऱ्यांसाठी: २५ ला बस नाही, ट्रेन नाही, दुकानं बंद, २६ लाही बसचं फारसं खरं नाही, तेव्हा गाडी आणि दोन दिवसांचा शिधा आधीच हवा. आम्ही तांदूळ, डाळ आणि सोलं इथूनच नेली, दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, तिकडे चालत नाहीत. छत्री नेऊ नका, वाऱ्याने दोन मोडल्या, टोपीवालं जाकीट घ्या. डिंगलला राहायचं असेल तर घर सप्टेंबरातच बघायला लागा, बहिणीला ऑक्टोबरमध्ये शेवटचं मिळालं, तेही गावाबाहेर, आणि जमल्यास मेन स्ट्रीटच्या जवळ घ्या म्हणजे आईसारख्यांना मधे जाऊन तासभर पाठ टेकता येते.