व्हीजीए पोर्ट बघून खुश झालो आणि तिथंच गंडलो

आधीच सांगतो, मी यातला अगदीच अडाणी नाहीये. घरातले डेस्कटॉप मीच उघडून साफ करतो, रॅम टाकतो, एसएसडी बसवतो, मित्रांना पीएसयू (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला घे हे पण मीच सांगत असतो. तरी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना गंडलो. आणि गंडलो ते पण असं की पुरावा पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर होता, कार्डाच्या पट्टीवर, चांगला निळ्या रंगाचा, आणि मी त्यालाच फायदा समजून बसलो होतो.

झालं असं की माझा पीसी आय५-३४७० वाला, ८ जीबी रॅम, आणि मॉनिटर त्याहून जुना, त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे तो जुना निळा अ‍ॅनालॉग पोर्ट. सगळं नवीन घ्यायची ऐपत नव्हती म्हणून म्हटलं एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकू, अजून दोनतीन वर्षं निघतील. डोक्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय होतं. कारण साधं, ते ७५ वॉटचं कार्ड आहे आणि तेवढी पॉवर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच देतो, म्हणजे बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, पीएसयू बदलायची कटकट नाही.

ऑनलाइन एक जण विकत होता. मी शहाण्यासारखा पहिला प्रश्न काय विचारला, तर मायनिंगचं आहे का? २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून नाणी कमावणं) बंद झालं त्यानंतर रगडून काढलेली कार्डं केवढी विकायला आली हे माहीत होतं ना, तेवढीच एक भीती डोक्यात. तो म्हणाला छे हो दादा, मुलाच्या अभ्यासाच्या पीसीत होतं. (अभ्यासाला १०५० टीआय! तेव्हाच हसू यायला हवं होतं.) मग त्याने डिव्हाइस मॅनेजरचा फोटो पाठवला, डीएक्सडायगचा (विंडोजमधलाच माहिती दाखवणारा प्रोग्राम) पाठवला, दोन्हीकडे नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. आणि वर म्हणाला, "याला व्हीजीए पण आहे दादा, तुमचा जुना मॉनिटर डायरेक्ट लागेल." हे वाचलं आणि मी पैसे पाठवून मोकळा झालो, म्हटलं कन्व्हर्टरचा पण खर्च वाचला.

कुरियर आलं. कार्डाला वेगळ्या पॉवरचं ६ पिनचं सॉकेट. विचारलं तर म्हणे ओव्हरक्लॉक (वेग वाढवलेलं) मॉडेल आहे, आणि १०५० टीआयच्या काही मॉडेलना ६ पिन खरंच असते, त्यामुळे त्याचं खोटं असं खऱ्यात मिसळून आलं की मी गप्प बसलो. माझ्या पीएसयूला ६ पिन नव्हती तर त्याने डब्यातच हार्डडिस्कच्या पॉवर प्लगला जोडायची साटा-टू-६पिन वायर टाकलेली. या वायरबद्दल मधेच सांगून टाकतो कारण नंतर राहून जाईल. साटाच्या प्लगला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे फार तर ५४ वॉट, आणि ६ पिनवर कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. माझा प्लग आठ दिवसांत पिवळा पडला. असली वायर वापरू नका, कुणी फुकट दिली तरी.

डब्यात एक पेनड्राइव्ह पण होता. "यातलाच ड्रायव्हर टाका, अपडेट अजिबात करू नका, नवीन ड्रायव्हरने ही कार्डं स्लो होतात." आता कंपनी जुनी कार्डं मुद्दाम स्लो करते ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेली असते, मलाही पटली.

कार्ड चालू झालं. नाव बरोबर येत होतं. जुने गेम चालले. नवा गेम लावला, मेनू छान आला, आत गेलं की दोन मिनिटात चित्र फाटल्यासारखं आणि गेम बंद. टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) लो वर ठेवले तर रडतखडत चालायचा, मिडियम केले की संपलं. मी रॅम काढून घातली, विंडोज परत टाकलं, थर्मल पेस्ट बदलली, दोन रविवार असेच गेले.

शेवटी त्यालाच विचारलं, आणि इथे मी माझ्या हाताने दुसऱ्यांदा गंडलो. म्हणाला, "दादा बॉटलनेक आहे, आय५ ला हे कार्ड झेपत नाही, माझ्याकडे आय७-३७७० पडलाय, तोच ११५५ सॉकेट, बोर्ड बदलायला नको." ऐकायला बरोबरच वाटतं, ३४७० मध्ये ४ कोर ४ थ्रेड, ३७७० मध्ये ४ कोर ८ थ्रेड. घेतला. गंमत म्हणजे प्रोसेसर एकदम अस्सल निघाला, आजही चालतोय. फक्त एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) एकाने पण हलला नाही. हलणार कसा, आफ्टरबर्नर या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) ९९ टक्के आणि प्रोसेसर ४० च्या आसपास दिसत होता, म्हणजे प्रोसेसर वाट बघत बसलाय आणि कार्ड धापा टाकतंय. हा आकडा मी रोज बघत होतो आणि तरी दुसऱ्याच्या तोंडून बॉटलनेक शब्द ऐकून उलटीकडे पैसे घातले. दुसऱ्या कुणाला मी हे दोन मिनिटात सांगितलं असतं.

उलगडा झाला तो भलत्याच कामात. भाच्याला गेम रेकॉर्ड करायचा होता, ओबीएस टाकलं, आणि त्यात एनव्हीएन्क (एनव्हिडिया कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) चा पर्यायच येईना. म्हटलं १०५० टीआयला एन्कोडर नाही असं कसं होईल. मग वल्कनवर (गेमचं चित्र काढायचं एक सॉफ्टवेअर तंत्र) चालणारा एक गेम होता तो सरळ सपोर्ट नाही म्हणून बंद झाला. आता पोटात गोळा आला. पेनड्राइव्हवाला ड्रायव्हर काढून अधिकृत नवा टाकायला गेलो तर इन्स्टॉलर म्हणतो जुळणारं हार्डवेअरच सापडलं नाही.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती तपासणारं सॉफ्टवेअर उतरवलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वर नावाच्या आधी कंसात मोठ्या अक्षरात लिहून आलं, फेक. हे सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतं, आणि खरी चिप कुठली तेही सांगतं. माझी जीएफ११६ निघाली. शेडर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. कूलर उघडला, चिप पुसली, वर स्वच्छ छापलेलं जीएफ११६-४००-ए१, म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय, मार्च २०११ चं कार्ड. बिचाऱ्याने चिप खरवडायचे पण कष्ट घेतले नव्हते, त्याला खात्री होती की कुणी कूलर उघडणार नाही.

यात त्यांनी काय केलेलं असतं तर कार्डावर जी छोटी बायोसची चिप असते तिच्यात नाव आणि मेमरीचा आकडा बदललेला असतो. विंडोज काय स्वतः मोजायला जात नाही, कार्ड जे सांगेल ते दाखवतं. मेमरी खरी १ जीबी, सांगायची ४, त्यामुळे गेमने १ जीबीच्या पुढे पाय टाकला की तिथे जमीनच नाही, धाडकन बंद. टेक्श्चर वाढवल्यावरच का मरत होतं हे तेव्हा कळलं. एन्कोडर नाही कारण एनव्हीएन्क एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या चिपांपासून आलं, ही माझी त्याच्या आधीच्या फर्मी पिढीची. वल्कन पण एनव्हिडियाने फर्मीला कधी दिलंच नाही. आणि फर्मीचे नेहमीचे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले, म्हणून तो पेनड्राइव्ह आणि ती अपडेट करू नका ची शपथ. सगळी वाक्यं जागच्या जागी बसली.

आणि व्हीजीए. १० सिरीजच्या कार्डांतून एनव्हिडियाने अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. १०५० टीआयवर डीव्हीआय असतं पण ते डीव्हीआय-डी, त्याच्या आडव्या फटीभोवतीची चार भोकं नसतात, कारण ती अ‍ॅनालॉगसाठीची. म्हणजे निळा व्हीजीए पोर्ट असलेली १०५० टीआय समोर आली तर तिथेच संशय घ्यायचा, बाकी काही बघायची गरज नाही. मी मात्र त्या पोर्टला बघूनच पैसे पाठवले.

त्याला जीपीयू-झेडचा फोटो पाठवला. आधी म्हणाला सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय, मग म्हणाला मला पण असंच कुणीतरी विकलं होतं, मग एकच टिक. तक्रार केली, पण मी पैसे त्याला थेट पाठवले होते आणि मधे दीड महिना गेला होता त्यामुळे हाताला काही लागलं नाही. किती गेले ते सांगत नाही, घरी पण खरा आकडा सांगितलेला नाही.

नंतर दुसरं घेताना विक्रेत्याला मी आधीच सांगितलं की फोटो नको, व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर अधिकृत साइटवरून ड्रायव्हर उतरवा, जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती उघडा, आणि दहा मिनिटं असा गेम चालवा जो निदान ३ जीबी मेमरी खाईल. पहिल्या दोघांनी फोनच ठेवला. तिसरा तयार झाला. त्याच शोधात एक एएमडीचं आरएक्स ५८० मिळत होतं ते जीपीयू-झेडमध्ये बघितलं तर २०४८ शेडर, खऱ्याला २३०४ असतात. ते तसं बनावट नाही, त्या नावाची २०४८एसपी आवृत्ती कंपनीनेच काढली होती, पण विकणारा हे सांगत नाही, त्याच्या पोस्टवर नुसतं ५८० लिहिलेलं असतं. जीटी १०३० चं पण तेच, डीडीआर४ मेमरीवालं आणि जीडीडीआर५ मेमरीवालं नावाने एकच, पण मेमरीचा वेग जवळजवळ तिपटीने वेगळा.

ते ५५० टीआय अजून माझ्याकडे आहे. वरचा स्टिकर काढून टाकलाय आणि मागच्या बाजूला परमनंट मार्करने मोठ्या अक्षरात ५५० टीआय, १ जीबी असं लिहिलंय, कारण विंडोजला विचाराल तर ते अजूनही १०५० टीआयच सांगतं. मध्यंतरी एका ओळखीच्याने मागितलं, डिस्प्लेपुरतं दे म्हणाला, दुसऱ्या दिवशी विचारतो कसा, ते मार्करचं पुसता येईल का. दिलं नाही.