खुललेला आवाज फक्त मोठा होता

नवा डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) घेताना मी फसले. नेमकी कशी, ते सविस्तर लिहिते, कारण ही चलाखी पकडता येते.

विक्रेत्याने आधी माझ्याकडे आहे तसाच साधा डॅक लावून एक गाणं ऐकवलं, मग तेच गाणं त्याच्या महागड्या डॅकवरून. अदलाबदल तोच करत होता. ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमला त्याने हातही लावला नाही, त्यामुळे तुलना मला प्रामाणिक वाटली. "खर्ज बघा कसा भरून आला. गाणारीचा श्वास ऐकू येतोय ना?" खरंच येत होता. माझ्याच कानांनी साक्ष दिली, मग शंका कशाची घ्यायची?

घरी आठवडाभरात ती जादू ओसरली. फोन केला तर म्हणाला, "200 तास वाजू द्या, मग खुलेल." रोज पाच तास लावला तरी 200 तासांना 40 दिवस लागतात, आणि परत करण्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. हा हिशेब मी तेव्हा केला नाही, याचं आजही फार वाईट वाटतं.

शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आधी मोजू या." त्याने दोन्ही डॅकवर 60 हर्ट्झचा सूर लावला (व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर फार वरच्या सुरांना खरा आकडा दाखवत नाही) आणि आउटपुट मोजलं. जुना 2.0 व्होल्ट, नवा 2.4. म्हणजे सुमारे 1.6 डेसिबलचा फरक. सगळी मेख इथे होती. इतकी वाढ "आवाज मोठा झाला" अशी चटकन लक्षात येत नाही. तोच आवाज भरीव, स्वच्छ, जवळ आल्यासारखा वाटतो. त्यातून कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि पातळी चढली की तो भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 सालीच मोजून दाखवलं होतं.

मग पातळी जुळवली. भाऊ माझ्या पाठीमागे बसून नाणं उडवायचा आणि त्याप्रमाणे डॅक बदलायचा. कोणता लावलाय ते मी ओळखायचं. 16 पैकी 7 वेळा बरोबर आले. निव्वळ अंदाजानेही आठेक येतात. नशिबापलीकडे काही आहे असं म्हणायला निदान 12 तरी हवे होते. त्या रात्री स्वतःच्या कानांवरचा विश्वासच उडाला. नंतर कळलं की मेयर आणि मोरान यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रिझोल्यूशन ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर आणलेलं, यांतला फरक श्रोत्यांनी 554 पैकी 276 वेळा ओळखला होता. तेही जवळजवळ निम्मेच.

आवडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोणाला जास्त खर्ज हवा असतो, कोणाला ट्यूब ॲम्प्लिफायरची ऊब. त्या उबेत बऱ्याचदा मोजता येण्याजोगं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात झालेला बिघाड, असतं, तरी ती आवडू शकते, आणि त्यात चूक काहीच नाही. "हा जरा जोरात वाजतो, आवडला तर घ्या" असं त्याने सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती. त्याने आवाजाची पातळी दर्जा म्हणून विकली.

पातळी जुळवून त्याच्याच खोलीत पुन्हा ऐकवा, असं मी म्हटलं. "आकडे नाही, संगीत ऐकायचं असतं," म्हणाला, आणि नकार दिला.

आता ऐकायला जाताना मल्टिमीटर आणि त्या सुराची फाइल सोबत नेते. मोजू द्यायला कोणी कां-कूं केली तर तिथून उठते. अलीकडे एका विक्रेत्याने स्वतःहून स्पीकरच्या दोन जोड्यांची पातळी जुळवून दिली आणि मधे पडदा लावला. तिथे मात्र फरक दर खेपेला ओळखू आला. स्पीकर त्याच्याकडूनच घेतले.