'ग्रीन फॅशन शो' पॅकेज: शो झकास, पण ग्रीन आपलं आपणच बघायचं

आमच्या ग्रुपने जुन्या कपड्यांतून नवीन ड्रेस आणि नैसर्गिक रंगांचे कपडे असा छोटासा फॅशन शो करायचं ठरवलं, अनुभव कोणालाच नाही, म्हणून एका इव्हेंटवाल्यांचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही कारण माणसं वाईट नाहीयेत. पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही बॅकस्टेजवाल्या ताईंचे.

प्रत्येक मॉडेलचा वेगळा रॅक, हँगरला चिठ्ठी, त्यावर नंबर, कुठले बूट, कुठले कानातले सगळं लिहिलेलं, आणि एकीचे दोन ड्रेस असतील तर मधे निदान सात-आठ जणी जातील असा क्रम लावलेला, नाहीतर बदलायला वेळच मिळत नाही. एकीच्या ड्रेसची चेन ऐनवेळी तुटली तर ताईंनी ड्रेस अंगावरच शिवून टाकला, म्हणाल्या, "जा आता, आल्यावर कात्रीने कापू."

आता ग्रीनचं ऐका. सकाळी जाऊन बघते तर स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर हिरवी पानं आणि 'प्लास्टिकला नाही म्हणा'! अहो फ्लेक्स म्हणजेच पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. तर इव्हेंटवाले दादा म्हणतात, "मॅडम, शाई इको आहे." काय बोलणार. काढायला लावला आणि जुन्या चादरी जोडून लावल्या, फोटोत त्याच भारी दिसल्या.

चार ड्रेसचं कापड त्यांनीच दिलेलं, 'ऑरगॅनिक कॉटन' म्हणून. सर्टिफिकेट मागितलं तर ओएको-टेक्स स्टँडर्ड १००चा टॅग दाखवला, पण त्यात कापडात घातक केमिकल आहे का तेवढंच तपासतात, कापूस कसा पिकवला ते नाही. त्यासाठी गॉट्स (GOTS, ऑरगॅनिक कापडाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) बघायचं, त्यात किमान ७० टक्के धागा ऑरगॅनिक लागतो आणि लेबलवर नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायचं तर ९५. मला शंका आली म्हणून शिलाईच्या आतले चार धागे ओढून स्टीलच्या ताटलीत काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. हा आक्रसला आणि काळा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं! 'बांबूचं कापड' पण होतं, मऊ आहे हो, पण ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, लगदा केमिकलमध्ये विरघळवून केलेलं, मग त्याला निसर्गाची देणगी कशाला म्हणायचं?

मेकअपवालीकडे चमकी होती, तीही प्लास्टिकच, सजावटीची सुटी प्लास्टिकची चमकी विकायला युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातलीय, मेकअपच्या चमकीला मात्र अजून मुदत दिलीय. तिला सांगितलं तर बिचारीने लगेच डबी बंद केली, तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

लाइट्स एलईडी, साउंड ठीक. घेणार असाल तर बॅकड्रॉप, कापड आणि मेकअपचं सामान आठवडाभर आधी हातात घेऊन बघा, आणि ताई कोण असणार ते आधी विचारा.

बिलात 'ग्रीन बॅकड्रॉप' अजून तसाच आहे, कमी करा म्हणून दोनदा मेसेज केला, निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.