आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा : १८५ डॉलरची सेवा आणि एजंटची फाइल

मुलगी कॅलिफोर्नियात, आईबाबा सांगलीला आणि मधे बी१/बी२, म्हणजे कामानिमित्त किंवा फिरायला, भेटायला जाणाऱ्यांचा व्हिजिटर व्हिसा. या सगळ्या यंत्रणेला दहापैकी सहा गुण, आणि तिच्याभोवती दुकान थाटून बसलेल्या एजंटांना फार तर दोन. सहा अशासाठी, की नियम लेखी आहेत, फी सगळ्यांना सारखी आहे आणि निकाल बहुतेक वेळा मुलाखतीच्या खिडकीवरच कळतो.

सगळा खेळ डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मचा. लोक मुलाखतीची तयारी महिनाभर करतात आणि फॉर्म मात्र मुलगा तिकडून रात्री बारा वाजता घाईत भरून टाकतो. आईबाबांनी तो वाचलेलाच नसतो. अधिकाऱ्याच्या समोर स्क्रीनवर तोच फॉर्म उघडा असतो. त्यात तीन आठवडे लिहिलेत आणि बाबा म्हणाले ‘सहा महिने राहणार’, की गाडी तिथेच अडते. भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढून दोघांना ओळीनं वाचून दाखवणं, हे कुठल्याही एजंटच्या ‘मॉक इंटरव्ह्यू’पेक्षा जास्त कामाचं.

फॉर्म म्हणून तो कटकटीचाच आहे. वीस मिनिटं हात लावला नाही तर सेशन संपतं, म्हणून पहिल्याच पानावरचा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर वहीत उतरवून ठेवा. पुन्हा उघडताना या दोन्हींबरोबर आडनावाची पहिली पाच अक्षरं आणि जन्मवर्षही लागतं. फोटो चौकोनी, ६०० ते १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, पांढरी पार्श्वभूमी आणि चष्मा काढून. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत पासपोर्टच्या मापाचा काढलेला चालत नाही.

आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत एक ठरलेली चूक होते. लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं असतं, शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि पासपोर्ट सासरच्या. ‘इतर नावं वापरली आहेत का’ या प्रश्नाला सरळ ‘नाही’वर टिक केली जाते. तिथे ‘हो’ म्हणून माहेरचं पूर्ण नाव द्यायचं. पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर पूर्ण नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं.

त्याहून महागात पडणारा प्रश्न : तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे तुम्हाला तिकडे कायमचं नेण्यासाठीचा अर्ज, दाखल केली आहे का? न्यू जर्सीतल्या मामानं पंधरा वर्षांपूर्वी बहिणीसाठी केलेली पिटिशन घरात कुणाच्या लक्षातही नसते. भावंडांच्या रांगेत भारतीयांचा नंबर दोन दशकं मागे आहे, त्यामुळे ती अजून जिवंतच असते. ‘हो’ लिहिलं तर प्रश्न वाढतील, पण व्हिसा मिळणारच नाही असं नाही. जाणूनबुजून ‘नाही’ लिहिणं म्हणजे माहिती दडवणं, आणि त्याची शिक्षा कायमची अपात्रता असू शकते. नातेवाइकांना आधी फोन करून विचारा. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खातीही विचारतात. बाबांनी उघडून विसरलेलं फेसबुक त्यातच येतं.

आता एजंट. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, असा प्रश्न फॉर्ममध्येच आहे. बरेच एजंट तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. शेवटचं सबमिट अर्जदारानं स्वतः करायचं असतं, तेही तेच उरकतात. वर जाडजूड फाइल : नोटरी केलेलं आमंत्रणपत्र, आय-१३४ (आर्थिक हमीचा फॉर्म), घराचं व्हॅल्युएशन, सीएचं सर्टिफिकेट. व्हिजिटर व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा आर्थिक हमीपत्र लागत नाही, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्या साइटवर स्पष्ट सांगतं. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, फाइल बहुधा उघडलीही जात नाही. ‘लवकरची तारीख काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासानं बॉट (आपोआप बुकिंग करणारा प्रोग्रॅम) वापरून घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि त्या खात्यांची बुकिंगची सोय थांबवली.

अर्जाच्या फीचे १८५ डॉलर रुपयांत भरायचे, ते परत मिळत नाहीत आणि पावती ३६५ दिवस चालते. तारखा दोन घ्यायच्या : आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. फॉर्म दुरुस्त करून नवा भरला तर कन्फर्मेशन क्रमांक बदलतो. अपॉइंटमेंटमध्ये हा नवाच क्रमांक हवा, नाहीतर दारातून परत. जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा पुन्हा फी. मुलीचं बाळंतपण आहे म्हणून तातडीची तारीख मागू नका. लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाची मदत ही कारणं त्यात बसत नाहीत, असं लिहूनच ठेवलंय.

खिडकीवर मराठीतून बोलता येतं. बाबाच दोघांची उत्तरं देतात आणि आई गप्प, हे टाळा. निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो, एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार असंही घडतं. मुलाची कंपनी, गाव, त्याचा व्हिसा कुठला, खर्च कोण करणार आणि परत कधी येणार, एवढं दोघांनाही तोंडपाठ हवं. मोबाइल आणि स्मार्टवॉच घरी किंवा गाडीत.

नकार आला तर बहुधा कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली : परत याल याची खात्री पटली नाही. अपील नाही. पंधरा दिवसांत तोच फॉर्म पुन्हा लावणं म्हणजे आणखी १८५ डॉलर पाण्यात. परिस्थिती बदलली असेल किंवा आधीच्या फॉर्मात खरी चूक असेल, तरच पुन्हा जा. २२१(जी)चा, म्हणजे निर्णय तूर्त थांबवल्याचा कागद मिळाला तर तो नीट वाचा, अनेकदा फक्त एखादं कागदपत्र हवं असतं.

जुना दहा वर्षांचा व्हिसा असणाऱ्यांसाठी ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा नव्यानं घ्यायची सोय, सप्टेंबर २०२५ पासून आवळलाय. व्हिसा संपून बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच मुलाखतीतून सूट मिळू शकते. ऐंशीच्या आजोबांनाही आता निव्वळ वयाची सवलत नाही.

पासपोर्ट परत घ्यायला १ ऑगस्ट २०२५ पासून दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. स्वतः जा किंवा माणशी १,२०० रुपये भरून घरपोच मागवा. सांगलीकरांनी घरपोचच घ्यावा. हातात आला की नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. दहा वर्षांचा शिक्का म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते. उतरल्यावर मुलांनी ती ऑनलाइन काढून परतीच्या तिकिटाशी जुळते का बघावं.