घाणेरी खाल्लेली कोकरं आणि १९६२ वाली जनावरांची गाडी

१९६२ नंबरला फोन केला की येते त्या जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीला पाचपैकी पाच देतोय, आणि जरा सविस्तर लिहितो कारण मेंढरं पाळणाऱ्या बऱ्याच जणांना घाणेरी खाऊन होणारा हा आजार लवकर ओळखू येत नाही.

आम्ही भोरकडचे. माडग्याळी जातीची कोकरं जत भागातनं आणलेली, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. उन्हाळा संपत आला की इकडं हिरवं काही उरत नाही, बांधावर घाणेरी तेवढी हिरवीगार असते, काहीजण तिला टणटणी म्हणतात. इथली जुनी मेंढरं सहसा तिला तोंड लावत नाहीत पण ही नवीन आणि भुकेली, खाल्ली. मग कान सुजले, नाकाभोवती आणि पापण्यांवर खपल्या, उन्हात सोडलं की लगेच सावली गाठायची. गावात एकानं ऍलर्जी म्हणून इंजेक्शन आणि मलम दिलं, काडीचा फरक नाही.

मग १९६२ ला फोन लावला, टोल फ्री आहे, जनावरांसाठीच आहे. गाव, जनावरं किती, काय होतंय ते विचारून घेतलं आणि गाडी थेट वाड्यावर आली. मला आवडलं ते हे की डॉक्टर मॅडमनी जखमेला हात लावायच्या आधी पापणी उलटून बघितली, आत पिवळं. म्हणाल्या, "दादा, हा कातडीचा रोग नाही, लिव्हरचा आहे. काय खाल्लं ते दाखवा." बांधावर नेलं, घाणेरी बघितल्यावर विषयच संपला.

त्यांनी उभ्या उभ्या समजावलं ते असं, की हिरव्या पाल्यातलं हरितद्रव्य पोटात फुटून एक पदार्थ तयार होतो, फायलोएरिथ्रिन, तो एरवी लिव्हर पित्तातनं बाहेर टाकतं, पण घाणेरीच्या विषानं पित्त अडलं की तो रक्तातनं कातडीत जातो आणि वरनं ऊन पडलं की कातडी भाजते. म्हणून तर तपकिरी ठिपके धड आणि पांढरी जागा सोललेली!

उपचार म्हणजे ऍक्टिव्हेटेड चारकोलची (विष शोषून घेणाऱ्या कोळशाची) पावडर पाण्यात कालवून नळीनं पोटात, कारण या विषानं पोट मंदावतं, पाला आतच पडून राहतो आणि विष अंगात भिनतच राहतं. शिवाय सलाईन, जखमेत पू होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, माश्यांसाठी स्प्रे. दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात ठेवायचं, हिरवा चारा बंद, कडबा आणि भरपूर पाणी, चरायला सोडायचंच तर अंधार पडल्यावर. नळी घशात घालायचं काम मात्र डॉक्टरांनाच करू द्या, पाणी फुप्फुसात गेलं तर कोकरू जागेवर जातं.

पार पिवळं पडलेलं एक कोकरू गेलं, फार वाईट वाटलं. बाकीची वाचली, काहींच्या कानाच्या कडा झडल्या पण खातायत, वजन धरतायत. मॅडमनी नंतर फोन करून लेंडी घट्ट आहे का, लघवीचा रंग काय तेपण विचारलं, एवढं कोण करतं.

तुमच्या कोकराचे कान अचानक सुजले आणि ते ऊन टाळत असेल तर मलम लावत बसू नका, सावलीत बांधा आणि १९६२ लावा. आणि घाणेरीची एक फांदी तोडून ठेवा दाखवायला.