आठ महिने यिर्गाचेफेची नॅचरल कॉफी

सप्टेंबरपासून घरात एकच कॉफी चालू आहे: इथिओपियातल्या गेदेओ भागातली यिर्गाचेफे, नॅचरल. रोज सकाळी एक कप. पाव किलोची चौदावी पिशवी आता संपत आलीय.

पिशवी उघडली की आधी जांभळाचा वास येतो. कॉफीचा नंतर. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, "इसेन्स घातलाय का?" काही घातलेलं नसतं. वॉश्ड कॉफीत साल-गर काढून बी धुतात. नॅचरलमध्ये अख्खं फळ वाळवतात. उंच बांधलेल्या जाळीवर पातळ थर, दिवसभर हाताने हलवणं, रात्री आणि कडक उन्हात झाकणं, असं दोन-तीन आठवडे. बीतला ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की झालं. आमचं मूळ घर तासगावचं, बेदाण्याच्या शेडमध्ये लहानपण गेलं. त्यामुळे हे वाचताना मला रॅकवरचे घडच दिसत होते, आणि अवकाळीच्या रात्री ताडपत्री घेऊन धावणारे अण्णा.

पिशवीवरचं 'सिंगल ओरिजिन' (एकाच ठिकाणची कॉफी) म्हणजे एका शेतकऱ्याचा माल, असं मी समजत होतो. तसं नाही. गेदेओत लोकांची शेतं लहान, झाडं घराभोवती, एनसेत (केळीसारखं झाड) आणि मोठ्या झाडांच्या सावलीत. शेकडो घरांची फळं वाळवायला एका केंद्रावर येतात आणि पिशवीवर नाव केंद्राचं असतं. तेही सहज मिळालेलं नाही. २००८ मध्ये अदिस अबाबात कमोडिटी एक्सचेंज (शेतमालाचा बाजार) सुरू झालं, तेव्हा बहुतेक माल प्रतवारीने एकत्र होई आणि केंद्राचं नाव मागेच राही. २०१७ मध्ये नियम बदलले आणि नाव मालाबरोबर जाऊ लागलं. माझ्या पिशवीवर ते नाव आहे, याचं मला मोल वाटतं.

पहिला महिना मात्र वाया गेला. स्टीलच्या फिल्टरमध्ये घट्ट काढून दूध घातलं, आंबूस लागली. ही बिनदुधाचीच प्यावी. आता व्ही६०वर (कागदी फिल्टर लावायचं शंकूसारखं गाळणं) १५ ग्रॅमला २४० मिली पाणी, उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने. या बिया दळताना भुकटी जास्त पडते आणि पाणी तुंबतं, म्हणून दळण थोडं जाडसर ठेवतो. भाजल्यापासून तीन आठवडे थांबतो; पाचव्या दिवशी नुसता तिखट वास असतो, एकविसाव्याला गोडवा उतरतो. दळण्याआधी बिया ताटात पसरून आई तांदूळ निवडायची तशा निवडतो. फिकट पिवळ्या पाच-सहा निघतातच, कच्च्या फळांच्या. राहिल्या तर कपात शेंगदाण्याच्या टरफलाची चव येते.

नववी पिशवी खराब निघाली. शिरक्यासारखा वास. विक्रेत्याने कळवलं, "नॅचरल अशीच असते." हे मला मान्य नाही. थर जाड राहिला, वेळेवर हलवला नाही, की फळ आंबतं. बेदाण्याचंही तेच होतं. चांगल्या नॅचरलला पिकल्या फळाचा वास येतो, आंबल्याचा नाही. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून दुसरीकडून मागवतो.

हंगाम उरकून अण्णा मे महिन्यात इकडे हॅम्बुर्गला आले. कॉफी त्यांनी दोन घोट घेऊन ठेवली. मग पिशवीतल्या बिया तळहातावर घेतल्या, बराच वेळ हुंगत राहिले आणि म्हणाले, "सावलीत वाळवतात की उन्हात?"

"उन्हात. दुपारी झाकतात."

"रात्रीचं कोण थांबतं तिथं?"