ओआरचा (ऑपरेशन्स रिसर्चचा) पेपर, दोन सेमिस्टर वापरून: सगळा माल शेवटच्या ओळीत

सिम्प्लेक्सची, म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त नफा काढायच्या रीतीची, तीन टेबलं मांडायला ९ गुण, ‘शॅडो प्राइसचा अर्थ लिहा’ याला १. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात आल्यावर ही वाटणी बघून डोकं फिरलं, म्हणून हे लिहिणं. एमबीएला ओआर कधी येतो, युनिट किती, पास व्हायला किती लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही.

ज्याच्यावरून भांडण आहे ते आधी मांडतो. रत्नागिरीकडचा एखादा छोटा कारखाना धरा. कॅनिंगला आलेला डागी आंबा रोज १२०० किलो, मजुरांचे तास ९०. माल दोनच: रसाच्या डब्यांची पेटी आणि आंबापोळी, म्हणजे आपलं साठं, त्याचा एक घाणा. पेटीला २० किलो आंबा आणि १ तास लागतो, सुटतात ५०० रुपये. घाण्याला ३० किलो आणि ३ तास, सुटतात ९००. डबे निर्जंतुक करायचं यंत्र दिवसाला ४० पेट्यांच्या वर जात नाही. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेत, पण घाट खराच आहे.

हाताने करायचं तर पहिल्या टेबलात ९०० मोठा म्हणून साठं आत येतं. भागाकार १२००÷३० म्हणजे ४० आणि ९०÷३ म्हणजे ३०. लहान ३०, म्हणून मजुरीचा स्लॅक (न वापरलेले तास) बाहेर. दुसऱ्या टेबलात रसाच्या रकान्याखाली ५००−३०० = २०० उरतात, रस आत येतो आणि आंब्याचा स्लॅक जातो. तिसऱ्या टेबलात पेट्या ३०, घाणे २०, नफा ३३,००० आणि यंत्राच्या १० पेट्या मोकळ्या. पेन खाली, ९ गुण झाले.

आता त्याच टेबलाची सगळ्यात खालची ओळ बघा. आंब्याच्या स्लॅकखाली −२०, मजुरीच्या स्लॅकखाली −१००, यंत्राच्या स्लॅकखाली ०. चिन्ह सोडलं की हे भाव झाले, म्हणजेच शॅडो प्राइस. आंबा आणखी एक किलो मिळाला तर नफा २० रुपयांनी वाढेल, मजुरीचा एक तास मिळाला तर १०० रुपयांनी. यंत्र मोठं केलं तर छदामही नाही. पडताळा हवा असेल तर १२००×२० अधिक ९०×१००, बरोबर ३३,०००. मालाच्या बाजूने मोजा नाहीतर साधनांच्या बाजूने, आकडा तोच येतो. ड्युअल ड्युअल म्हणून दोन लेक्चरं जे चालतं, ते एवढंच.

पैशाच्या दृष्टीने बघा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अनुदान आहे म्हटलं की पहिला हात यंत्राच्या कोटेशनकडे जातो. ज्या यंत्राचा भाव टेबलात शून्य आहे, ते ३५ टक्के सवलतीत घेतलं तरी उरलेले ६५ टक्के खिशातूनच जाणार. त्याऐवजी संध्याकाळच्या पाळीला दोन बायका वाढवल्या तर तासाला १०० रुपये वरचे सुटतात. शाळेच्या बाकाएवढ्या टेबलातून हे निघतं आणि त्याला पेपरात एक गुण!

इथे एक चूक सर्रास होते. ५०० आणि ९०० हा नफा आंब्याचा भाव आणि मजुरी वजा जाऊन धरला असेल, तर १०० रुपये हे नेहमीच्या मजुरीच्या वरचे. वजा केली नसेल, तर १०० हीच देता येईल अशी पूर्ण मजुरी. प्रश्नात हे बहुतेक वेळा दिलेलंच नसतं. उत्तरात एक ओळ टाकून कुठलं धरलं ते सांगावं.

तीन महिने मत असं होतं की हाताचं सिम्प्लेक्स सरळ बंद करावं. जॉर्ज डान्टझिग यांनी ही रीत १९४७ मध्ये काढली, तेव्हा हाताला पर्याय नव्हता. आता कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्यात जुन्या संगणकावरही एक्सेल आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली ‘गो’, सॉल्व्हर ॲड-इनला टिक, की असली गणितं सोडवणारा सॉल्व्हर डेटा टॅबवर येतो. वेगळे पैसे नाहीत, दोनशे चलांपर्यंत (चल म्हणजे पेट्या, घाणे असे काढायचे आकडे) चालतो. मोबाइलच्या एक्सेलमध्ये मात्र नाही, तिथे शोधत बसू नका.

मग सॉल्व्हर वापरायला घेतला आणि मत अर्धं फिरलं.

पहिली खोट अशी की सॉल्व्हर उघडताना पद्धत ‘जीआरजी नॉनलिनिअर’ लावलेली असते. उत्तर तेच येतं, ३० आणि २०, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. पण सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये शॅडो प्राइसच्या जागी ‘लॅग्रांज मल्टिप्लायर’ छापून येतं आणि साधन किती वाढलं-घटलं तरी तोच भाव टिकतो ते सांगणारे वाढ-घटीचे रकाने गायब. पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ करूनच सोडवायचं. दुसरी खोट: उत्तर सापडल्यावर येणाऱ्या चौकटीत उजवीकडे ‘सेन्सिटिव्हिटी’ निवडायच्या आधी ओके दाबलं की रिपोर्ट मिळत नाही, पुन्हा सोडवा. तिसरी, पेट्या पूर्णांकात हव्यात म्हणून ‘इंट’ची अट घातली तर हा रिपोर्ट देतच नाही. आधी अटीविना सोडवून रिपोर्ट घ्यावा, पूर्णांकाचं नंतर बघावं.

चौथी खोट फार आतली आहे. पेट्यांचा आकडा बी२ खणात असताना यंत्राची मर्यादा ‘बी२ ≤ ४०’ अशी सरळ चलाच्या खणावर घातली, तर सॉल्व्हर तिला चलाची सीमा समजतो आणि अटींच्या यादीत दाखवत नाही. तिचा भाव वर चलांच्या यादीतल्या ‘रिड्यूस्ड कॉस्ट’च्या रकान्यात जाऊन बसतो. यंत्राचा भाव यादीत हवा असेल तर आंबा आणि मजुरीसारखीच तिसरी ओळ करायची, गुणक १ आणि ०, त्यावर सम-प्रॉडक्टचं सूत्र, आणि अट त्या सूत्राच्या खणावर. हे कोणी सांगत नाही, आणि अट गेली कुठे म्हणून लॅबचा अख्खा तास फुकट जातो.

एवढं सांभाळलं की रिपोर्ट असा येतो. आंबा: भाव २०, वाढ १००, घट ३००. मजुरी: भाव १००, वाढ ३०, घट १०. यंत्र: भाव ०, घट १०, आणि वाढीच्या रकान्यात एकावर तीस शून्यांचा राक्षसी आकडा. त्याचा अर्थ ‘कितीही’. पुष्कळांना ती चूक वाटते, ती नाही.

आणि हाताचं सिम्प्लेक्स इथे उपयोगी पडतं. आंब्याला वाढ १००च का? हाताने टेबल केलेल्याला लगेच दिसतं की आंबा वाढला की पेट्या वाढतात, १३०० किलोला पेट्या ४० होतात आणि यंत्र भरतं. तेव्हा नफा ३५,०००. त्यापुढच्या किलोचा भाव शून्य! मजुरीचा तास एकदम ३०० वर जातो आणि ज्या यंत्राला काल शून्य होतं त्याला पेटीमागे २०० मिळतात. म्हणजे मेच्या मध्याला आंबा अंगावर येतो तेव्हा यंत्र घ्या म्हणणारा बरोबर आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो चूक. नुसती बटणं दाबणाऱ्याला १००चा आकडा मिळतो, त्यामागचं यंत्र दिसत नाही. तेव्हा हाताचं ठेवा, दोन चल आणि तीन अटींपर्यंतच. चार चलांचं बिग-एम (‘किमान इतकं हवंच’ अशा अटींसाठीचं लांबलचक सिम्प्लेक्स) हाताने करून घेणं ही शुद्ध हमाली.

बाकीच्या युनिटांवर थोडक्यात. ट्रान्सपोर्टेशनला (कुठून कुठे किती माल धाडला तर स्वस्त पडेल) देवगड, रत्नागिरी, वेंगुर्ल्याहून वाशी, पुणे, कोल्हापूर, सांगली असं गणित घातलं की वर्ग जागा राहतो, एवढं तरी बरं. भरलेले खण ३+४−१ म्हणजे सहा हवेत. पाचच आले तर रिकाम्या खणात एप्सिलॉन, म्हणजे नावापुरता शून्याजवळचा आकडा, पण असा की बंद वळसा तयार होणार नाही. सगळ्यात स्वस्त रिकामा खण बघून डोळे झाकून टाकला की मोडी (उत्तर सगळ्यात स्वस्त आहे का ते तपासायची रीत) अडकते, आणि गुण तिथेच जातात. मोडीतले यू आणि व्ही हेसुद्धा तेच भाव, बागेतल्या पेटीचे आणि बाजारातल्या पेटीचे. सहा लेक्चरांत ही ओळ आली नाही. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कान्टोरोविच आणि कूपमन्स यांना साधनांच्या वाटपाच्या सिद्धान्तासाठी मिळालं, त्याच्या पोटात हेच भाव आहेत. आमच्याकडे ते एका गुणाचे.

असाइनमेंटची (कुठलं काम कोणाला द्यायचं) हंगेरियन रीत, हॅरल्ड कून यांची, १९५५ची. सोपी आहे, गुण हमखास. शून्यं झाकणाऱ्या रेघा कमीत कमी मोजा, बस्स.

कामाला किती दिवस लागतील ते काढायचं पर्टचं सूत्र (अ+४म+ब)÷६ पाठ होतं, पण इकडे कोकणात जपून वापरा. चिऱ्याच्या कामाला लवकरात लवकर १०, बहुधा १४, उशिरात उशिरा ३६ दिवस धरले तर सरासरी १७ येते. मे अखेरीला सुरू केलेल्या कामाला ही सरासरी निरर्थक आहे. पाऊस धरला की काम पुढे सरकत नाही, थेट दसऱ्यापर्यंत लटकतं. एकतर १४, नाहीतर चार महिने. मधलं काही नसतं.

रांगांचं युनिट चांगलं आहे. काउंटर ८० टक्के गुंतलेला असेल तर रांगेत सरासरी ३.२ माणसं, ९० टक्क्यांना ८.१. पण हे एम/एम/१, म्हणजे एकेक गिऱ्हाईक सोडणाऱ्या एका काउंटरचं सूत्र, घेऊन दाभोळच्या फेरीबोटीला लावू नका. बोट गाड्या एकेक करून सोडत नाही, एका खेपेला भरून नेते. प्रोजेक्टला हा विषय घेणारे दरवर्षी असतात आणि तोंडी परीक्षेत याच एका प्रश्नावर आपटतात.

खर्चाचं: नवीन जाडजूड पुस्तक घेऊ नका, सीनियरचं घ्या, गेल्या कित्येक वर्षांत टेबल बदललेलं नाही. पैसे घालायचेच तर समीकरणं सोडवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर घाला. प्रोग्रॅमेबल नको, तो परीक्षेत काढून घेतात. तीन चलांची समीकरणं सोडवणारा साधा असतो. शेवटचं टेबल झालं की त्यात दोन घट्ट अटी (ज्यांचं साधन पुरतं संपलं त्या) भरायच्या: २०, ३०, १२०० आणि १, ३, ९०. उत्तर ३० आणि २० आलं नाही तर चूक दुसऱ्या टेबलात शोधायची, पिव्होट ओळ (ज्या ओळीतला स्लॅक बाहेर गेला ती) भागायची राहिलेली असते.